मदत हवी आहे: फ्लूच्या विषाणूचं हिमॅग्लुटिनेशन येतच नाही

अबोली_प्रयोगवही:
शुक्रवारी सरांना आकडे द्यायचे आहेत आणि तीन आठवडे झाले, विषाणूने रक्तपेशी एकमेकींना जोडून जाळी धरायला हवी (तेच हिमॅग्लुटिनेशन), पण प्लेटमध्ये पहिल्या वेलपासून (खळग्यापासून) शेवटच्यापर्यंत नुसती बटणं, म्हणजे तळाला गोळा झालेल्या सुट्या पेशी, पडतायत. विषाणू नक्की आहे, पीसीआरमध्ये सीटी १७ येतोय, म्हणजे भरपूर आहे. रक्तपेशी ताज्या, तीनदा धुतलेल्या. सगळं प्रोटोकॉलप्रमाणे केलंय. काय चुकतंय? प्लीज लवकर सांगा.

जुनी_पिपेट:
कुठला उपप्रकार? कुणाच्या रक्तपेशी, किती टक्के? प्लेट व्ही तळाची की यू? कुठे ठेवलीस? 'प्रोटोकॉलप्रमाणे' एवढ्यावरून काय सांगणार!

दमट_हवा:
पीसीआर निकामी विषाणूचा आरएनएसुद्धा मोजतो, त्यावर जाऊ नकोस. विषाणू वाढवायच्या एमडीसीके पेशींत टीपीसीके ट्रिप्सिन (प्रथिनं कापणारं एन्झाइम) घातलं होतंस का? नसेल तर हिमॅग्लुटिनिन (विषाणूचं पेशींना चिकटणारं प्रथिन) कापलं जात नाही. माझं अख्खं वर्ष यात गेलंय.

जुनी_पिपेट:
न कापलेलं हिमॅग्लुटिनिनही रक्तपेशींवरच्या सायलिक आम्लाला चिकटतं. ट्रिप्सिन विषाणू वाढायला लागतं, जाळी धरायला नाही.

दमट_हवा:
विषाणू वाढलाच नाही तर जाळी कुठून धरणार?

सुमन_ताई:
मध्येच विचारते. पेशींवरच्या साखरेला फ्लूचा विषाणू चिकटतो असं वाचलं. माझ्या भाचीला दर पावसाळ्यात फ्लू होतो, तिचं गोड बंद करावं का?

जुनी_पिपेट:
ताई, ही साखर चहातली नव्हे. सायलिक आम्ल शरीर स्वतःच बनवतं, गोड सोडून ते कमी होत नाही. लसीचं मात्र डॉक्टरांना जरूर विचारा, ती दरवर्षी घ्यावी लागते.

अबोली_प्रयोगवही:
ट्रिप्सिन घातलं होतं. एच३एन२ आहे, अलीकडचाच. कोंबडीच्या पेशी, अर्धा टक्का, व्ही तळ. प्लेट टेबलावर ठेवते आणि जेवून आल्यावर बघते.

जुनी_पिपेट:
जेवून म्हणजे किती वेळाने?

अबोली_प्रयोगवही:
दोन तास होतात. त्याने फरक पडतो?

जुनी_पिपेट:
हेच आधी सांगायचं! विषाणूचं न्यूरामिनिडेज हे एन्झाइम तेच सायलिक आम्ल कापतं. जाळी धरली तरी खोलीच्या तापमानाला दोन तासांत सुटू शकते आणि पेशी तळाला जाऊन बटण होतं. विषाणू असा सुटताना हर्स्ट या शास्त्रज्ञाने १९४२ मध्येच नोंदवलंय. प्लेट ४ अंशांवर ठेव, अर्ध्या तासाने बघ.

गिनीपिग_गट:
थंड करून उपयोग नाही, पेशीच चुकल्यात. सायलिक आम्ल पुढच्या साखरेला दोन प्रकारे जोडलेलं असतं: माणसातला फ्लू २,६ जोडाचं धरतो, पक्ष्यांमधला २,३ जोडाचं. त्यात अलीकडच्या एच३एन२ला लांब साखळीच्या टोकाचं २,६ लागतं आणि कोंबडीच्या पेशींवर तशा साखळ्या नसतात. गिनीपिगच्या पेशी आण. पाऊण टक्का, यू तळाची प्लेट, एक तास.

दमट_हवा:
गिनीपिग शुक्रवारपर्यंत कुठून आणणार ती? टॅमीफ्लूची (फ्लूच्या औषधाची) कॅप्सूल फोडून घाल, न्यूरामिनिडेज बंद पडेल.

जुनी_पिपेट:
तसं अजिबात करू नकोस. कॅप्सूलमधल्या ओसेल्टामिव्हिरचं यकृतात कार्बोक्झिलेट होतं आणि एन्झाइम अडवतं ते कार्बोक्झिलेट. प्लेटमध्ये यकृत नाही.

गिनीपिग_गट:
कार्बोक्झिलेट घालूनही कोंबडीच्या पेशींवर साखळ्या येणार नाहीत. आमच्याकडे सहा महिने हाच घोळ झाला होता.

सुमन_ताई:
म्हणजे टॅमीफ्लू हीच कात्री अडवतं होय? भाचीला दिलं होतं गेल्या वर्षी.

जुनी_पिपेट:
हो ताई. नवे विषाणू पेशीवरून सुटत नाहीत, तिथेच अडकून राहतात. म्हणून पहिल्या दोन दिवसांत घेतलेलं बरं. अबोली, काय झालं?

अबोली_प्रयोगवही:
शेजारच्या विभागातून गिनीपिगचं थोडं रक्त मिळालं. दोन्ही पेशी ४ अंशांवर ठेवल्या. कोंबडीच्या अर्ध्या तासाने बघितल्या, पुन्हा सगळी बटणं. गिनीपिगच्या तासाभराने, १:१६ पर्यंत (विषाणू सोळा पट पातळ केला तरी) जाळी! दोन तासांचं प्रोटोकॉलमध्ये नव्हतं, जेवायला जायचे म्हणून मीच ठेवत होते.

गिनीपिग_गट:
बटण अंगठीसारखं दिसतं का? गिनीपिगचं तसंच दिसतं, घाबरू नकोस. आणि विषाणूशिवाय नुसत्या सलाइनचा कंट्रोल ठेवलायस ना?

अबोली_प्रयोगवही:
कंट्रोल राहिला. उद्या सकाळी लावते.