सॅलरी सॅक्रिफाइसचा फॉर्म आणि शुक्रवारची मुदत

दादा (लेस्टर): सर्वांना नमस्कार. आमच्या कंपनीने पेन्शनची रक्कम सॅलरी सॅक्रिफाइसने (म्हणजे करारातला पगार तेवढा कमी घ्यायचा आणि ती रक्कम कंपनीने थेट पेन्शनमध्ये भरायची) कापण्याचा पर्याय मला आणि माझ्या पत्नीला, दोघांनाही दिला असून शुक्रवारपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा आहे. करारातला पगारच कमी होणार, या विचाराने दोन रात्री झोप नाही.

काका (पुणे): पैसा आपल्या हातात हवा. पेन्शनमधून पूर्ण बाहेर पड आणि ती रक्कम इथल्या फ्लॅटच्या हप्त्यात घाल, हे मी दिवाळीतही सांगितले होते.

ताई (रेडिंग): काका, तुमचा मान राखून सांगते, बाहेर पडल्यास कंपनीचा वाटाही जातो. दादाच्या ३८,००० पौंडांचे ५ टक्के म्हणजे १,९००, आणि शिवाय कंपनीचे पगाराच्या ३ टक्के म्हणजे १,१४० पौंड. हे का सोडायचे? आज त्या १,९०० वरचा आयकर वाचतोच, पण पगारच तेवढा कमी घेतला की ८ टक्के नॅशनल इन्शुरन्सही (पगारातून सरकारी सामाजिक विम्यासाठी जाणारी कपात) वाचतो, म्हणजे वर्षाला १५२ पौंड. कंपनीचे १५ टक्क्यांप्रमाणे २८५ वाचतात. त्यातले काही ती तुझ्या पेन्शनमध्ये घालणार का, हे दादा, तू लेखी विचार.

आत्या (सातारा): भाऊ, घरासाठी तुम्ही पीएफ मोडलात आणि निवृत्तीनंतर किती ओढाताण झाली, ते आम्ही पाहिले आहे. कळवळ्याने लिहिते, राग मानू नये.

काका (पुणे): ते घर आईसाठी होते, आणि त्या वेळी दुसरे कोणी पुढे आले नव्हते, एवढेच लिहितो. तिकडे तर ५५ वर्षांपर्यंत, आणि ६ एप्रिल २०२८ पासून ५७ वर्षांपर्यंत, पेन्शनला हात लावता येत नाही. पैसा आपल्या हातात हवा.

दादा (लेस्टर): २०२९ पासून ही सवलतच बंद होणार, असे ऑफिसात म्हणतात.

ताई (रेडिंग): बंद नाही. एप्रिल २०२९ पासून वर्षाला २,००० पौंडांपर्यंतच नॅशनल इन्शुरन्स वाचेल. आयकराची सवलत वरच्या रकमेवरही राहील. तुझे १,९०० त्या मर्यादेत बसतात.

वहिनी (लेस्टर): सर्वांचे म्हणणे आदराने वाचले, परंतु फॉर्म दोन आहेत आणि माझ्या फॉर्मबद्दल कोणीही विचारलेले नाही. मॅटर्निटी पे पहिले सहा आठवडे सरासरी पगाराच्या ९० टक्के मिळतो, आणि ती सरासरी प्रसूतीच्या साधारण १५ आठवडे आधी संपणाऱ्या आठ आठवड्यांच्या पगारावरून काढतात. माझे ते आठवडे पुढच्या महिन्यात सुरू होतात. आताच पगार कमी करून घेतला, तर बाळाच्या वेळी हातात कमी येईल.

आत्या (सातारा): हे आमच्या कोणाच्याच ध्यानात आले नाही, सूनबाई. तब्येत सांभाळ.

काका (पुणे): म्हणूनच मी पहिल्यापासून सांगतो आहे, पैसा आपल्या हातात हवा.

वहिनी (लेस्टर): काका, पेन्शन मी सोडणार नाही. माझी कपात आजच्यासारखीच चालू राहील आणि सॅलरी सॅक्रिफाइस मी रजेवरून परतल्यावर घेईन. ह्यांनी मात्र आताच होकार द्यावा.

दादा (लेस्टर): मॉर्गेज देताना बँक जुना पगार धरणार की कमी झालेला, एवढे उद्या विचारतो आणि माझा फॉर्म भरतो.