जुन्या हॉटेलात परत जाऊन आलात का? अनुभव सांगा

मागच्या महिन्यात बाबांचा कर्वेनगरचा फ्लॅट विकायच्या कामासाठी पुण्यात होतो, रजिस्ट्रेशनचं दुसऱ्या दिवसावर गेलं म्हणून मोकळा वेळ मिळाला आणि पाय आपोआप गुडलककडे वळले. डेक्कनच्या त्या चौकाला लोक ज्या हॉटेलाच्या नावाने ओळखतात ते, १९३५ पासूनचं. कॉलेजची चार वर्षं निम्मी तिथेच गेली, एक बन मस्का चौघांत आणि चहा मात्र प्रत्येकाचा वेगळा. बसलो, वेटर आला, आणि माझ्या तोंडून काय निघावं? "भैया, एक बन मस्का, एक चाय." बेंगलोरला १४ वर्षं झाली, ऑर्डर म्हटलं की हिंदीच येते. तो शांतपणे मराठीत म्हणाला, "चहा आधी आणू का बरोबरच?" इतकं ओशाळल्यासारखं झालं की सांगता येत नाही. बन मस्का होता तसाच होता हो, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. तर तुमचं काय झालं ते लिहा, आणि जिथे सेटल झालात तिथे खरंच झालात का तेही.

* * *

माझं कयानी. मुंबईतलं, मेट्रो सिनेमासमोरचं, १९०४ चं. झेवियर्सला होते तेव्हा लेक्चर बुडवून मावा केक खायचा हा आमचा अभ्यासक्रम होता. लग्न करून नाशिकला आले तेव्हा पहिली दोन वर्षं मी अक्षरशः रडत होते, संध्याकाळी ७ नंतर करायचं काय या गावात, असं वाटायचं. यंदा लेकीला मुद्दाम घेऊन गेले. काचेखालचा चौकडीचा टेबलक्लॉथ, लाकडी खुर्च्या, सगळं दाखवलं, ती म्हणाली "छान आहे आई" आणि माझाही केक खाऊन टाकला. मी मात्र सारखी घड्याळ बघत होते कारण सव्वासहाची पंचवटी गाठायची होती, आणि तिला म्हटलं चल लवकर, घरी जायला उशीर होईल. टॅक्सीत बसल्यावर लक्षात आलं, घरी म्हणाले मी. नाशिकला. माहेरी पार्ल्याला डोकावले पण नाही त्या दिवशी, आईने नंतर फोनवर चांगलंच ऐकवलं.

* * *

समोवार. जहांगीर आर्ट गॅलरीतलं. आठवतंय का कुणाला? लांबट, चिंचोळं, रेल्वेच्या डब्यासारखं, एका बाजूला हिरवळ. १९६४ ला सुरू झालं होतं, मार्च २०१५ मध्ये बंद झालं. मी त्याच वर्षी डिसेंबरात न्यू जर्सीहून आलो, बंद झाल्याचं वाचलेलं होतं तरी गेलो. का गेलो माहीत नाही. उगाच दोन प्रदर्शनं बघितली, चित्रातलं मला काही कळत नाही, आणि बाहेर आलो. बस एवढंच.

* * *

आम्ही कुठे परदेशी गेलो नाही, डोंबिवलीपर्यंतच पोचलो 😀 नोकरी लागली तेव्हा माटुंग्याला तिघांत एक खोली होती, आणि जेवण रामा नायकांच्या उडुपीत, स्टेशनच्या बाहेरच, जिना चढून वर. १९४२ चं आहे ते. केळीच्या पानावर पोटभर, वाढणारा थांबायचा नाही आणि आम्हीही. रविवारी उशिरा गेलं की जिन्यापर्यंत रांग. रिटायर झाल्यावर म्हटलं जाऊ एकदा, सौ. पण बरोबर. आता डायबेटिस आहे, त्यामुळे वाढपी भात घेऊन आला की ही बाई त्याच्याकडे अशी बघायची की तो बिचारा पुढच्या पानावर सरकायचा. रसमवर समाधान मानलं. त्या काळी वाटायचं पगार वाढला की माटुंग्यातच घर घेऊ, हा हा. पगार वाढला पण माटुंगाही वाढलं ना. आता दुपारी डोंबिवलीच्या गॅलरीत बसतो, शेजारचे जोशी पेपर मागायला येतात, तासभर जात नाहीत. माटुंग्याला त्या इमारतीत कोण राहायचं हे मला तीन वर्षांत कळलं नव्हतं.

* * *

मी मुद्दाम जात नाही. पुण्याच्या वैशालीत एसपीडीपी (शेव-बटाटा-दहीपुरी) खाऊन जिच्याशी लग्न ठरवलं होतं ते झालं नाही, आणि जिच्याशी झालं तिला ते सगळं माहीत आहे. समजून घ्या.

* * *

धागाकर्ता पुन्हा. वरच्या प्रतिसादाला _/\_. कुणीतरी विपूत (विचारपुशीत) विचारलंय की फ्लॅट विकला का. हो, विकला. किल्ल्या देताना वाटलं तेवढं काही झालं नाही, बाथरूमचा नळ गळतो हे घेणाऱ्याला सांगून टाकलं आणि निघालो. बस रात्रीची होती म्हणून परत गुडलकला गेलो, या वेळी ठरवून, मनात दोनदा म्हणून बघितलं आणि स्वच्छ मराठीत सांगितलं, "दादा, एक बन मस्का आणि एक चहा द्या." वेटर दुसराच होता, नवा पोरगा. म्हणाला, "साब, हिंदी में बोलो ना."