थोरल्या काकांचा लिम्फोमा: केमोआधी जनुकांची तपासणी करून घ्यावी का?

निपाणीची_पुतणी
काकांचं वय 63, घरची तंबाखूची शेती. मानेतल्या गाठीची बेळगावात बायोप्सी झाली. रिपोर्ट: डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. पुण्याचा आतेभाऊ म्हणतो, गाठीतल्या जनुकांवरून माणूस किती जगेल ते कळतं, ते बघूनच केमो सुरू करा. काकू रोज विचारते, "किती दिवस हाईत?" ही तपासणी कुठं करावी?

खानापूर_लॅबवाला
आतेभावानं वाचलंय ते खरं आहे, पण अर्धंच. कुठली जनुकं जास्त चालू आहेत यावरून या आजाराचे दोन मुख्य प्रकार पडतात, जीसीबी आणि एबीसी, हे 2000 साली दिसलं. 2002 मध्ये 240 पेशंटांच्या गाठींवरून 17 जनुकांचं गणित मांडलं गेलं. पाच वर्षांनी जीसीबीतले सुमारे 60 टक्के हयात होते, एबीसीतले 35. मात्र त्या पेशंटांना रिटुक्सिमॅब हे औषध मिळालेलं नव्हतं. आज आर-चॉप या नेहमीच्या उपचारात ते असतंच, म्हणून ते आकडे काकांना लावू नका. शिवाय ते आकडे गटाचे. एका माणसाचे दिवस त्यातून मोजता येत नाहीत.

रिपोर्टात सीडी10, बीसीएल6, एमयूएम1 काय आहे? गाठीच्या पेशींना रंग देऊन बघितलेल्या याच तीन प्रथिनांवरून प्रकाराचा अंदाज बांधतात.

निपाणीची_पुतणी
सीडी10 निगेटिव्ह, बाकी दोन पॉझिटिव्ह. म्हणजे वाईट का दादा?

खानापूर_लॅबवाला
म्हणजे जीसीबी नसलेला गट. ताई, घाबरू नका, या गटातलेही कितीतरी पेशंट आर-चॉपनं पूर्ण बरे होतात. डॉक्टरांना फिश या जनुकांच्या तपासणीबद्दल मात्र जरूर विचारा. एमवायसी आणि बीसीएल2 या दोन्ही जनुकांची जागा बदललेली निघाली तर औषधंच बदलू शकतात. पैसे घालायचे तर आधी तिथं घाला. त्यासाठी बायोप्सीचा तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक लागतो. नुसत्या काचा (स्लाइड) मागू नका, ब्लॉकच मागा.

चिकोडीची_लेक
माझ्या आईला हाच आजार होता, केमोच्या सहा सायकल झाल्या, आता चार वर्षं ठीक आहे. आम्हीही असल्या रिपोर्टांच्या मागं तीन आठवडे घालवले, त्याचं आजही वाईट वाटतं. गाठ तेवढ्यात वाढली होती. केमो अडवून धरू नका. आधी हिपॅटायटिस बी तपासलंय का बघा, रिटुक्सिमॅबनं तो दबलेला आजार उसळू शकतो. हृदयाची टू-डी इकोसुद्धा करून घ्या. आणि रक्तातलं एलडीएच किती, स्टेज कुठली, काका उठून फिरतात का, एवढ्यावरूनही डॉक्टरांना बराच अंदाज येतो.

निपाणीची_पुतणी
काका अजून सकाळी शेतावर जाऊन येतात.

चिकोडीची_लेक
मग काकूंना आधी हेच सांगा. आणि ब्लॉक घ्यायला जाताना बायोप्सीचा नंबर लिहून न्या, नाहीतर हेलपाटा पडतो.

निपाणीची_पुतणी
सोमवारी जातेय. हिपॅटायटिसचं रक्त आजच देतो.