शब्दचर्चा: 'पर्सनहुड'ला मराठीत काय म्हणायचं? आणि अंडं, भ्रूण, गर्भ, बाळ यातला कुठला शब्द कुठे?

सुदामानगरवाली
नमस्कार मंडळी, 'पर्सनहुड'ला, म्हणजे कायद्याच्या नजरेत व्यक्ती असण्याला, एक शब्द पाहिजे, नाही खरं तर चार-पाच शब्द पाहिजेत. इथे इंदूरला आमच्या मंडळाचा अंक निघतो त्यात मी अधूनमधून लिहिते, या वेळेला अमेरिकेतल्या अलाबामाच्या निकालावर लिहायला घेतलंय आणि पहिल्याच वाक्याला गाडी अडकली. निकाल थोडक्यात असा, १६ फेब्रुवारी २०२४ ला तिथल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टानं म्हटलं की आयव्हीएफसाठी, म्हणजे लॅबमध्ये फलन करून मूल व्हावं यासाठी, फ्रीझ करून ठेवलेले एम्ब्रियो (फलनानंतर वाढायला लागलेले पेशींचे गोळे) सुद्धा 'मूल' या शब्दात बसतात. कायदा १८७२ चा, अज्ञान (म्हणजे सज्ञान न झालेल्या) मुलाचा कोणाच्या चुकीनं मृत्यू झाला तर आईबापांना भरपाई मागता यावी म्हणून केलेला. २०२० मध्ये एका हॉस्पिटलमधला पेशंट साठवणीच्या खोलीत शिरला, टाकीत हात घातला, त्या भयंकर थंडीनं हात पोळला आणि एम्ब्रियो खाली पडून गेले, ज्यांचे होते ती जोडपी कोर्टात गेली. म्हणजे बघा, १८७२ च्या कायद्यातल्या 'मूल' या एका शब्दात काय काय येतं एवढ्यावर सगळं ठरलं, आपण इथे करतो तीच शब्दचर्चा, फक्त तिथे ती झाल्यावर काही दिवसांत क्लिनिकांनी आयव्हीएफ थांबवलं आणि मार्चमध्ये विधिमंडळाला डॉक्टरांना संरक्षण देणारा कायदा घाईनं करावा लागला. त्या कायद्यातही एम्ब्रियो म्हणजे कोण हे लिहिलेलं नाहीच.

तर माझं वाक्य होतं 'फलित अंड्याला व्यक्तिमत्त्व देण्याचा वाद'. सासऱ्यांनी वाचलं आणि म्हणाले अगं अंड्याला व्यक्तिमत्त्व म्हणजे काय? बरोबर आहे त्यांचं, व्यक्तिमत्त्व म्हटलं की माणसाचा स्वभाव, वागणं, छाप डोळ्यासमोर येते. 'व्यक्तित्व' करून बघितलं तर आपण पडलो इंदूरचे, अर्धं डोकं हिंदीत चालतं, आणि हिंदीत व्यक्तित्व म्हणजे पुन्हा पर्सनॅलिटीच. काय लिहू?

हायकोर्टवाले काका
ताई, कोर्टात याला सरळ शब्द आहे, विधिक व्यक्ती. आमच्या इंदूर खंडपीठात रोज कानावर पडतो. कायद्यातली 'व्यक्ती' म्हणजे माणूसच असं मुळीच नाही हे आधी डोक्यात पक्कं करा, १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्येच लिहिलंय की पर्सन म्हणजे कंपनीसुद्धा, चार जणांची संस्थासुद्धा. आणि आपल्या माळव्यात तर देव व्यक्ती आहे. मंदिराच्या जमिनीच्या खसऱ्यात, म्हणजे सरकारी नोंदवहीत, देवाचं नाव असतं, पुजाऱ्याचं नाही. पुजाऱ्यांची नावं रेकॉर्डमधून काढली म्हणून आपल्याच मध्य प्रदेशातून केस गेली होती, सप्टेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की मालक देव, कारण देव विधिक व्यक्ती, पुजारी फक्त व्यवस्था बघणारा. उत्तराखंडच्या हायकोर्टानं मार्च २०१७ मध्ये गंगा आणि यमुनेलाही व्यक्ती ठरवलं होतं, जुलैमध्ये सुप्रीम कोर्टानं त्याला स्थगिती दिली.

म्हणून 'विधिक व्यक्तीचा दर्जा' लिहा, मराठी वाचकाला जड वाटत असेल तर 'कायद्यानं व्यक्तीचा दर्जा'. फक्त एक लक्षात घ्या, देवाला कायदा कायमचा अज्ञान मानतो. अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे, मराठी दस्तऐवजातला अज्ञान, जो सज्ञान नाही तो, आपल्याकडचा नाबालिग. त्याच्या वतीनं बोलायला दुसरं कोणी लागतं. फलित अंड्याला व्यक्ती केलं की पहिला प्रश्न तोच, त्याच्या वतीनं बोलणार कोण? आई, बाप, क्लिनिक की सरकार? आणि ते जर आईच्या विरुद्ध बोलायला लागले तर?

लॅबवाली
मी इथल्याच एका आयव्हीएफ लॅबमध्ये काम करते म्हणून बोलून राहिली आहे. आधी 'अंडं' काढा. लोकांना अंडं म्हटलं की कोंबडीचं दिसतं आणि वाचणारा तिथेच हसतो, हा विषय हसण्याचा नाहीये. बाईच्या शरीरातलं ते स्त्रीबीज किंवा बीजांड, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं. शुक्राणूशी मीलन झालं की फलित बीजांड, शाळेच्या पुस्तकात त्याला युग्मनज म्हणतात पण ते परीक्षेनंतर कोणाच्या तोंडात राहत नाही. हिंदीत निषेचित म्हणतात, मराठीत फलित, दोन्ही मिसळू नका. आम्ही लॅबमध्ये फक्त 'एम्ब्रियो' म्हणतो, नाहीतर 'डे थ्री', 'डे फाइव्ह', पाचव्या दिवशीच्याला 'ब्लास्टो'.

आता कायद्याचं. आपल्या २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या) कायद्यात एम्ब्रियो म्हणजे फलनापासून ५६ दिवसांपर्यंत, आणि १९९४ च्या लिंगनिदानविरोधी कायद्यात ५७ व्या दिवसापासून जन्मापर्यंत फीटस. मराठीत पहिल्याला भ्रूण आणि दुसऱ्याला गर्भ असं लावलं तर नेमकं होतं. पण बोलताना कोणी लावत नाही. आणि अलाबामात पडले ते तर अजून कोणाच्या पोटातही गेलेले नव्हते, त्याला गर्भ कसं म्हणणार, गर्भ शब्दातच पोट आहे.

अजून एक सांगते, त्या एआरटी कायद्यात लिहिलंय की एम्ब्रियो जास्तीत जास्त १० वर्षं ठेवता येतात, नंतर ते नष्ट होऊ द्यायचे किंवा जोडप्याच्या संमतीनं संशोधनाला द्यायचे. 'नष्ट होऊ देणे' हे क्रियापद व्यक्तीला लावून बघा. नाही लागत ना. आणि १४ दिवसांच्या आत एकाचे दोन होऊन जुळी होऊ शकतात, तेव्हा पहिल्या दिवशी कोण एक व्यक्ती होती आणि ती दोन कधी झाली याला आपल्या भाषेत वाक्यच बनत नाही.

रामबागचे आबा
सगळ्यांचं वाचलं. माझं मत तुमच्याहून वेगळं आहे, रागावू नका. तुम्ही व्यक्ती व्यक्ती करता आहात पण आपला शब्द 'जीव' आहे. आमची आई म्हणायची पोटात जीव आहे, जिना जपून चढ. ती काय कायदा शिकलेली होती? फलन झालं की जीव आला, एवढं साधं आहे. आणि भ्रूणहत्येला आपल्याकडे महापाप म्हटलंय ते उगाच नाही. शब्द मवाळ करत गेलात की गोष्टही मवाळ होते, माझी भीती ती आहे.

लष्करकर (ग्वाल्हेर)
आबा, तुमची भीती खरी आहे आणि जीव शब्दावर माझं काही म्हणणं नाही. पण जीव झाडालाही आहे, मुंगीलाही आहे, जीव आहे म्हणजे कायद्यात व्यक्ती आहे असं होत नाही, काकांनी उलटं दाखवलंच की, कंपनीत जीव नाही आणि ती व्यक्ती आहे. दोन्ही शब्द एकमेकांना झाकत नाहीत.

आणि भ्रूण शब्दाचं म्हणाल तर संस्कृत कोशात भ्रूण म्हणजे गर्भ, मूल आणि शिवाय मोठा विद्वान ब्राह्मण असेही अर्थ दिलेले आहेत, म्हणून जुन्या ग्रंथात भ्रूणहा (भ्रूणाला मारणारा) दिसला की तिथे कोणाला मारण्याबद्दल चाललंय हे संदर्भ बघून ठरवावं लागतं. सुश्रुतानं पहिल्या महिन्यातल्याला कलल म्हटलंय आणि दुसऱ्या महिन्यात घन. म्हणजे जुन्या लोकांनीही टप्प्याटप्प्याला वेगळं नाव दिलं होतं, पहिल्या दिवसापासून एकच नाव नव्हतं.

व्यक्ती शब्द तर मुळात 'व्यक्त' वरून, जे प्रगट झालं, दिसायला लागलं ते. जे अजून सुईच्या टोकाएवढंही नाही त्याला व्यक्ती म्हणणं म्हणजे शब्दाला त्याच्या अर्थाविरुद्ध ओढणं. हे माझं मत, व्युत्पत्तीवरून कायदा ठरत नाही हे मलाही माहीत आहे.

अमेरिकेत तर याच शब्दांवर मतदान झालंय ते लेखात घ्या. कोलोरॅडोत २००८ ला प्रस्ताव होता की 'फलनाच्या क्षणापासून' व्यक्ती, पडला. २०१० ला तेच पुन्हा आणलं पण शब्द बदलून, 'जैविक विकासाच्या आरंभापासून', पडला. २०१४ ला 'न जन्मलेला मनुष्य' म्हणून आणलं, तेही पडलं. मिसिसिपीत २०११ ला फलनाच्या क्षणापासूनवाला, तिथे ५८ टक्के लोक विरोधात गेले. मागणी तीच, दर वेळी शब्द नवा. प्रस्तावाच्या बाजूचे लोक 'न जन्मलेलं बाळ' म्हणतात, विरोधातले 'फलित अंडं' म्हणतात. त्यामुळे ताई तुम्ही अंडं लिहिलं तरी एका बाजूला जाता, बाळ लिहिलं तरी दुसऱ्या बाजूला.

हायकोर्टवाले काका
आबांसाठी थोडं आपल्या कायद्यातलं, कारण तिथे दोन्ही शेजारी शेजारी आहेत. दंडसंहितेत, जुन्यातही आणि आता न्याय संहितेतही, आईच्या पोटातल्या शिशूचा मृत्यू घडवणं हा मनुष्यवध नाही असं स्पष्ट लिहिलंय, पण त्याचा कुठलाही भाग बाहेर आला असेल तर होऊ शकतो. शब्द बघा, शिशू म्हटलंय, तरी मनुष्यवध नाही म्हटलंय. गर्भपाताचा गुन्हा वेगळा आहे, त्यात ३ वर्षं, आणि हिंदी कायद्यातला शब्द आहे 'स्पन्दनगर्भा' स्त्री, म्हणजे जिला पोटात हालचाल जाणवायला लागली, तिथे ७ वर्षं. किती सुंदर शब्द आहे, आणि तो गर्भाचा नाही हो, स्त्रीचा शब्द आहे. १९७१ चा एमटीपी (वैद्यकीय गर्भपाताचा) कायदा यालाच अपवाद म्हणून आला. वारसा कायद्यातही पोटातल्या मुलाला हिस्सा आहे पण कधी, जिवंत जन्मलं तर. आधी जागा राखून ठेवतात, हक्क जन्मल्यावर.

सुदामानगरवाली
काका तुमचं ते 'स्त्रीचा शब्द आहे' वाचून मी थांबली. हे मी आत्तापर्यंत लिहिलं नव्हतं पण आता लिहितेच. मी हा लेख का घेतला तर आमचंही आयव्हीएफ झालंय. तीन एम्ब्रियो फ्रीझ होते. पहिल्यांदा क्लिनिकमध्ये गेलो तेव्हा तिथली सिस्टर हसून म्हणाली, दीदी आपके तीन बच्चे यहाँ रखे हैं। प्रेमानं म्हणाली, तिला काही वाईट म्हणायचं नव्हतं. मी महिनाभर तोच शब्द घेऊन फिरत होती, तीन मुलं. पहिला ट्रान्सफर केला, म्हणजे एक एम्ब्रियो पोटात सोडला, आणि तो नाही टिकला. मग मी काय गमावलं होतं? मूल? मला तेराव्याला बसायचं होतं का? मला कळेचना की किती रडायचं.

सासूबाई जवळ बसल्या, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, राहिलं नाही गं. बस, एवढंच. 'राहिलं नाही'. त्या शब्दात मी जराशी मोकळी झाली. बघा ना आपले सगळे शब्द असेच आहेत, तिला दिवस गेलेत, गर्भ राहिला, पोटुशी आहे, पोट पडलं, कूस उजवली. सगळ्यात ती आहे, तिचे दिवस, तिचं पोट, तिची कूस. पोटातल्याला वेगळं काढून त्याचं एकट्याचं वाक्य मराठी बाई करतच नव्हती. आणि फलित बीजांड व्यक्ती आहे या वाक्यात बाई कुठेच नाही, तेच मला टोचून राहिलं आहे आठवडाभर. मी घरात त्याला बाळ म्हणीन, काही म्हणीन, तो माझा शब्द. पण सरकारनं तो शब्द उचलून कायद्यात टाकला की उद्या ट्रान्सफर टिकला नाही तर कोणी मला विचारायला येईल की तुम्ही जिना का चढलात. आबा तुमच्या आईनं जपून चढ म्हटलं ते मायेनं. कायदा मायेनं नाही म्हणत.

लॅबवाली
ताई 💛 आमच्याकडेही काही जणी तसं बोलतात, मी उद्या सगळ्यांना सांगते. एम्ब्रियोच म्हणायचं, पेशंटनं स्वतः बाळ म्हटलं तर गोष्ट वेगळी.

आणि भ्रूणबद्दल एक राहिलंच होतं. भ्रूण शब्द आपल्याकडे एकटा येत नाही, मागे हत्या घेऊन येतो, स्त्रीभ्रूणहत्या, पोस्टरवर, एसटीवर, भिंतीवर. मुली वाचाव्यात म्हणून तो शब्द वापरला गेला आणि कारण चांगलंच होतं, पण त्यामुळे कुठलाही गर्भपात म्हटला की लोकांना हत्याच ऐकू येते, कायदेशीर असला तरी. महाराष्ट्रातले बरेच कार्यकर्ते म्हणूनच आता गर्भलिंगनिवड म्हणतात, चूक निवड करण्यात आहे हे त्यात कळतं. म्हणून लेखात भ्रूण जपून.

रामबागचे आबा
पोरी, मी जीव शब्द सोडणार नाही. पण तुला कोणी जिन्याबद्दल विचारायला यावं असं मी म्हटलं नव्हतं आणि म्हणणारही नाही. राहिलं नाही, हा शब्द आमच्याकडेही हाच होता. आमच्या हिच्या वेळी दोनदा वापरला.

लष्करकर (ग्वाल्हेर)
एक सुचवू का? पर्सनहुडला नाम शोधूच नका. ते 'हुड' लावून नाम करणं इंग्रजीची सवय आहे, मराठीचं काम क्रियापदानं होतं. 'मानणे' घ्या. फलित बीजांडाला कायद्यानं व्यक्ती मानावं का. मानावं म्हटलं की लगेच कोणी मानावं हेही विचारता येतं. आणि ती व्यक्ती लिहा हं, आपण इकडे हिंदीच्या नादानं तो व्यक्ती करतो. भ्रूण मात्र तो, बीजांड ते.

सुदामानगरवाली
दादा, हेच घेते. आता वाक्य असं केलंय: 'बाईच्या पोटात असलेल्या किंवा अजून पोटात न गेलेल्या फलित बीजांडाला कायद्यानं व्यक्ती मानावं का, हा अमेरिकेत अनेक वर्षं चाललेला वाद आहे.' खाली काकांचा विधिक व्यक्ती एकदा समजावून देते, भ्रूण फक्त जिथे ५६ दिवसांपर्यंतच्या टप्प्याबद्दल आहे तिथे, आणि १९७३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं गर्भपाताचा हक्क देणाऱ्या निकालात घटनेतल्या 'व्यक्ती'त न जन्मलेले येत नाहीत म्हटलं होतं आणि २०२२ ला तो निकालच उलटवला हे दुसऱ्या परिच्छेदात.

उरलेल्या दोनच्या साठवणीचा फॉर्म आलाय क्लिनिककडून, शुक्रवारी सही करायला जायचंय. त्यात 'भ्रूण' छापलंय.

हायकोर्टवाले काका
सही करण्याआधी मुदतीचं कलम नीट वाच आणि एक कॉपी मागून घे, देत नसतील तर मला फोन कर. लेखाचं प्रूफ पण पाठव, 'विधिक'ला पहिली वेलांटी.