कॅनडाच्या पी.आर. कार्डाचे नूतनीकरण: 736 दिवस भरतात, पण अर्ज करून भारतात जावे का?

नमस्कार. माझे कॅनडाचे पी.आर. (कायम वास्तव्याचा दर्जा) कार्ड 4 डिसेंबर 2024 रोजी संपत आहे आणि नूतनीकरणाच्या अर्जाबाबत एका मुद्द्यावर मी अडले आहे. या प्रक्रियेतून गेलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

मी 20 ऑक्टोबर 2019 रोजी ओंटारियोत आले. आईच्या आजारपणामुळे 31 जानेवारी 2021 रोजी भारतात जावे लागले आणि दोन-चार महिन्यांसाठी म्हणून गेलेली मी थेट 28 जानेवारी 2024 रोजी परतले. कॅनडाचे नागरिक असलेल्या जोडीदाराबरोबर परदेशी राहिल्यास किंवा कॅनडातील कंपनीने बाहेर नेमल्यास ते दिवसही कॅनडातील वास्तव्यात धरले जातात, परंतु या दोन्ही सवलती मला लागू होत नाहीत.

अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत किमान 730 दिवस कॅनडात वास्तव्य असावे लागते. आज, 10 नोव्हेंबर रोजी, मागे मोजत गेल्यास पहिल्या वास्तव्याचे 449 आणि परतल्यानंतरचे 287, असे 736 दिवस होतात. सीमेपलीकडच्या, अमेरिकेतील बफेलोच्या दोन फेऱ्या त्याच दिवशी परतीच्या होत्या. दिवसाचा काही भाग जरी कॅनडात गेला तरी तो पूर्ण दिवस धरतात, म्हणून त्या वजा केलेल्या नाहीत.

आणखी काही महिने थांबून शिल्लक वाढवावी, असा माझा आधी विचार होता. मात्र वही घेऊन बसल्यावर लक्षात आले की थांबून काहीच वाढत नाही. पाच वर्षांची मुदत रोज एक दिवस पुढे सरकते, त्यामुळे इकडे आजचा दिवस जमा होतो आणि तिकडे 2019 मधला एक दिवस गळतो. 20 ऑक्टोबरपासून माझा आकडा 736 वरच उभा आहे आणि माझे पहिले वास्तव्य या मुदतीतून पूर्णपणे बाहेर पडेपर्यंत, म्हणजे जानेवारी 2026 अखेरपर्यंत, तो जवळपास तसाच राहणार. (एका सल्लागाराने शुल्क घेऊन मला सांगितले की कार्ड संपले की पी.आर.च जाते. ते चूक आहे. कार्ड संपल्याने दर्जा जात नाही, हे मला नंतर स्वतः वाचल्यावर कळले.)

खरी अडचण पुढेच आहे. आईची प्रकृती पुन्हा बिघडली असून तीन आठवड्यांसाठी तरी जाणे भाग आहे. बाहेर असताना नवा दिवस जमा होत नाही, जुना मात्र गळतच राहतो. म्हणजे परदेशातील सातव्या पूर्ण दिवशी मी 729 वर येईन. कार्डाच्या अर्जासाठी अर्जाच्या तारखेपर्यंतचे दिवस पाहतात, हे मला ठाऊक आहे. परंतु परतताना विमानतळावरील अधिकारी त्या दिवसापासून मागची पाच वर्षे नव्याने तपासू शकतो, आणि जुने कार्ड तोवर संपलेले असल्यास विमानात बसण्यासाठी भारतातूनच प्रवास दस्तऐवज काढावा लागेल. तेथेही वास्तव्याची तपासणी होतेच.

अर्ज भरून तयार आहे: 50 डॉलर शुल्क, पासपोर्टच्या प्रती, दोन्ही काळांतील कर-निर्धारणाच्या नोटिसा, घरभाडे करार आणि पगारपत्रके. आईच्या आजाराचे कारण देऊन तातडीच्या प्रक्रियेची विनंतीही जोडणार आहे, पण इतक्या काठावरच्या अर्जाला ती मिळेल, असे गृहीत धरण्याचे धाडस होत नाही.

नूतनीकरणाचा अर्ज केल्यानंतर बाहेर जाऊन, 730 च्या खाली आलेले असताना कोणी परतले आहे का? विमानतळावर काय विचारले गेले? दिवस कमी पडल्यास पालकांच्या शुश्रूषेचे कारण मानवतावादी आधार म्हणून मांडता येते, असे कायद्यात दिसते. त्यासाठी रुग्णालयाची कागदपत्रे आत्ताच अर्जासोबत जोडावीत, की दिवस पुरेसे असताना तो विषय काढून अर्ज विनाकारण संशयास्पद करू नये? माझा कल न जोडण्याकडे आहे, परंतु अनुभव असलेल्या व्यक्तीचे मत ऐकल्याशिवाय पाकीट बंद करणार नाही. विमानाचे तिकीट अजून काढलेले नाही.