मुंबई एअरपोर्ट ते क्रूझ टर्मिनल: सात माणसं, नऊ बॅगा, गाडी कोणती अन् कशी बुक करू?

अजनीवाला
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही घरचे सगळे मुंबईहून क्रूझवर जाऊन राहिलो, गोव्यापर्यंत जाऊन वापस. आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होऊन राहिली, त्याचं निमित्त. माणसं सात: आई, बाबा, आत्या, आम्ही दोघं अन् दोन पोरं. बॅगा बायको म्हणते नऊ होतील, अन् बाबांची फोल्डिंगची व्हीलचेअर वेगळी, गुडघा बदलून आठच महिने झाले त्यांचा. जहाज शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला सुटते, चेक-इन साडेतीनला बंद. प्लॅन असा आहे की शुक्रवारी नागपूरहून सकाळच्या फ्लाइटनं दहापर्यंत मुंबईत उतरायचं अन् सरळ बंदरावर. क्रूझवाल्यांची ट्रान्सफर आहे पण ते माणशी पैसे लावतात, सातचा हिशोब केला तर डोळेच फिरले. अ‍ॅपवर ऐनवेळी दोन गाड्या बोलवू, का आधीच एक प्रायव्हेट गाडी बुक करू? पैसे आधी द्यायचे का नंतर? मुंबईत मी तीनदाच गेलो आहे अन् तिन्ही वेळा चुकलो आहे, म्हणून विचारून राहिलो.

तर्री_जास्त
दादा गाडीबिडी सोडा, मेट्रो ३ घ्या ना. एअरपोर्टच्या दोन्ही टर्मिनलला स्टेशन आहे, गाडी न बदलता सरळ सीएसएमटी. आरे ते कफ परेड पूर्ण लाइनचंच जास्तीत जास्त तिकीट ७० रुपये आहे. सीएसएमटीहून बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल म्हणजे इथलं इथं. मी गेल्या महिन्यात एकटा गेलो, ट्रॅफिकचं तोंडही पाहिलं नाही.

वर्धा_रोड_ताई
तू एकटा गेला रे बाळा, पाठीवर एक सॅक घेऊन. त्यांच्याकडे नऊ बॅगा अन् नवा गुडघा आहे 😄

डोंबिवलीतला_नागपूरकर
मी मूळचा नागपूरच्या महालातला, आता वीस वर्षं इकडेच. गाडीचं नंतर बोलू, आधी ती सकाळची फ्लाइट बदला. क्रूझच्या दिवशीच विमानानं यायचं ही मोठी रिस्क आहे कारण जहाज तुमच्यासाठी थांबत नाही, चेक-इन बंद म्हणजे बंद आणि पैसेही गेले. डिसेंबरात उत्तरेत धुकं पडलं की नागपूरला आकाश निळंशार असूनही तुमचं विमान लेट होतं, कारण तेच विमान दिल्लीहून यायचं असतं. एअरपोर्ट ते बॅलार्ड पिअर पंचवीसेक किलोमीटर, पहाटे पाऊण तासात होतं आणि दिवसा दीड-दोन तास धरावे लागतात. एक दिवस आधी या, फोर्टमध्ये रात्रीपुरतं साधं हॉटेल घ्या, सकाळी आरामात नाश्ता करून बंदरावर जा.

आणि एक विसरू नका, तो आठवडा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचा असू शकतो. मंत्री, आमदार, अधिकारी, पत्रकार सगळे याच फ्लाइटला असतात. शुक्रवारचं तिकीट काढायला जाल तर क्रूझ स्वस्त वाटेल.

अजनीवाला
अधिवेशनाचं डोक्यातच नव्हतं राजेहो. गुरुवारी यायचं ठरवतो. बाबा म्हणतात दुरांतोनं चला, रात्री बसलं की सकाळी सीएसएमटी, तिथून बंदर दीड किलोमीटर, एअरपोर्टची भानगडच नको. रेल्वेतून रिटायर झाले आहेत ते, त्यांचा विमानावर तसाही भरवसा नाही.

डोंबिवलीतला_नागपूरकर
काका शंभर टक्के बरोबर बोलले. फक्त आता रिझर्व्हेशन ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. त्या दिवशी सकाळी आठला बसा.

अजनीवाला
बसलो होतो. पाच कन्फर्म, दोन वेटिंग. आत्या अन् आई म्हणतात आम्ही एका सीटवर बसू. तिकीट कॅन्सल केलं.

चाकावर
भाऊ मी वर्धमाननगरात आहे, स्वतःच्या दोन गाड्या आहेत म्हणून गाडीचं मी सांगतो. सात माणसं अन् इनोव्हा म्हणजे बसायला होते पण सामानाला होत नाही. मागची सीट उघडली की डिक्कीत दोन मोठ्या बॅगा उभ्या राहतात, तिसरी कोणाच्या तरी मांडीवर जाते. अर्टिगात तर तेवढीही जागा नाही, मागे सीट टाकली की एक बॅग अन् एक पिशवी, संपला विषय. कॅरियर आहे म्हणून कोणी सांगितलं तर दोरी अन् ताडपत्री आहे का तेही विचारजा, नाहीतर तो तुमच्याच ओढणीनं बांधते. तुम्हाला बारा सीटचा टेम्पो ट्रॅव्हलर पाहिजे. माणसं पुढे, मागच्या दोन सीटांवर सामान, व्हीलचेअर दाराजवळ. पायरी उंच असते, बाबांना गुडघ्याचा त्रास आहे तर एक छोटा स्टूल ठेवायला सांगजा, चांगला मालक असला तर ठेवते.

पिवळ्या नंबर प्लेटचीच गाडी घेजा. पांढऱ्या प्लेटवाला तीनचारशे कमी सांगन, पण रस्त्यात आरटीओनं अडवलं तर तो तुम्हाला म्हणन "साहेब, मामाचे पाहुणे आहे म्हणून सांगा". अन् तुमची क्रूझ तिकडे चालली.

वर्धा_रोड_ताई
दोन गाड्यांचं तर नावच काढू नका. मागच्या वर्षी आम्ही नऊ जण होतो, अ‍ॅपवरून दोन बोलवल्या, एक आली टर्मिनलच्या वरच्या मजल्यावर, दुसरी खाली पार्किंगमध्ये. सासूबाई एका गाडीत अन् त्यांच्या बीपीच्या गोळ्या दुसऱ्या गाडीत. बांद्र्यापर्यंत माझं अर्धं आयुष्य गेलं.

सल्ला एकच देते. बुक करताना "वेटिंग किती फ्री" एवढंच विचारू नका, "कधीपासून मोजता" ते विचारा. आम्हाला एकानं एक तास फ्री सांगितलं होतं पण तो मोजत होता विमानाच्या ठरलेल्या वेळेपासून, विमान आलं पन्नास मिनिटं उशिरा, बॅगा यायला अर्धा तास. उतरल्यावर त्यानं वेटिंगचे सातशे मागितले अन् भर गर्दीत हुज्जत घातली. विमान टेकल्यापासून मोजतात का, फ्लाइट नंबर घेऊन ते ट्रॅक करतात का, हे मेसेजवर लिहून घ्या. फोनवर सगळे हो म्हणतात. टोल, पार्किंग, नाइट चार्ज धरून किती, तेही त्याच मेसेजमध्ये.

अजनीवाला
ताई हे सोन्यासारखं सांगितलं. आता नवीन भानगड ऐका. गुरुवारची स्वस्त फ्लाइट सापडली, माणशी दीड हजारानं कमी. बायकोनं बुक करता करता पाहिलं तर त्याच्यावर मुंबई नाही, नवी मुंबई लिहिलं आहे. हे कुठं आलं? घेऊ का नको?

डोंबिवलीतला_नागपूरकर
बरं झालं वहिनींनी पाहिलं. कोड बघायची सवय लावा, बीओएम म्हणजे आपलं जुनं सांताक्रूझ-अंधेरीचं, एनएमआय म्हणजे उलव्याचं नवीन. बरेच लोक एनएमआयचं तिकीट काढून गाडी अंधेरीला बोलवतात. बीओएमचं असेल तर टी-वन की टी-टू तेही तिकिटावर बघायचं, तिथेही गोंधळ होतो.

पण तुमच्यासाठी एनएमआय वाईट नाही, उलट बरंच. नकाशावर लांब दिसतं, मध्ये खाडी आहे म्हणून. तिथून अटल सेतू घ्यायचा, शिवडीला उतरायचं, पुढे ईस्टर्न फ्रीवे, तो थेट पी. डी'मेलो रोडवर सोडतो आणि बंदर त्याच रस्त्याला लागून आहे. अंधेरीकडून येताना सगळी मुंबई आडवी येते, इकडून फक्त समुद्र. सेतूचा टोल कारला एका बाजूचे २५० आहे, टेम्पो ट्रॅव्हलरला वेगळा असेल, भाड्यात धरलाय का विचारा. ड्रायव्हर टोल वाचवायला वाशीवरून नेतो म्हणाला तर नको म्हणा.

गोदीवाला_आजोबा
मी पंधरा वर्षं बॅलार्ड इस्टेटमध्ये नोकरी केली, आता प्रतापनगरला असतो. एक गोष्ट कोणी सांगितली नाही. मुंबई बंदराच्या गेटांना रंगांची नावं आहेत, ग्रीन गेट, रेड गेट, यलो गेट, ऑरेंज गेट. एकाच रस्त्यावर पण एकमेकांपासून बरीच लांब. बॅलार्ड पिअरच्या क्रूझला वर्षानुवर्षं ग्रीन गेटनं जातात, तरी तुमच्या बोर्डिंगच्या कागदावर जो गेट असेल तोच ड्रायव्हरला सांगा, नुसतं "क्रूझ टर्मिनल" म्हणू नका. पुष्कळ ड्रायव्हर भाऊच्या धक्क्यावर नेऊन सोडतात. तिथं मासळी मिळते, क्रूझ नाही. अन् फ्रीवेवरून उतरलं की आधी ऑरेंज गेट लागतो, ऑरेंज सिटी नागपूरचे आहात म्हणून तिथं उतरू नका.

दुसरं. फोर्टातल्या हॉटेलपासून बंदर दहा मिनिटांवर आहे म्हणून सकाळी रस्त्यावर काळीपिवळी मिळेल असं धरून चालू नका. मीटर ३१ रुपयांपासून सुरू होतो, तेवढ्यासाठी नऊ बॅगा उचलायला कोणी थांबत नाही. तिकडे रिक्षा चालतच नाहीत. गुरुवारची गाडी ठरवतानाच शुक्रवारची ही छोटी फेरी त्याच माणसाशी बोलून ठेवा.

तर्री_जास्त
आजोबा 🙏 मी भाऊच्या धक्क्यावर गेलेलो आहे, कॉलेजच्या ट्रिपला. सर म्हणत होते क्रूझ.

सदर_ते_सिंगापूर
थोडं विषयांतर, पण बाहेरच्या क्रूझवाल्यांनाही कामी येईल. सिंगापूरला दोन क्रूझ टर्मिनल आहेत, मरीना बे अन् हार्बरफ्रंट, दोन्हीत अंतर आहे, गाडी बुक करताना नाव नीट टाका. तिथं १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या पोराला अ‍ॅपच्या प्रायव्हेट गाडीत चाइल्ड सीट लागते, टॅक्सीला त्यातून सूट आहे. आम्हाला अ‍ॅपवाल्यानं दारातून परत पाठवलं होतं.

अन् रोमची क्रूझ रोमहून सुटत नाही! बंदर चिविताव्हेकियाला आहे, फ्युमिचिनो एअरपोर्टहून गाडीनं तासाभराचा रस्ता. ट्रेननं जायचं तर त्रास्तेव्हेरेला बदलावी लागते, स्टेशनपासून बंदरापर्यंत पुन्हा बस. चार जण असाल तर तिथं आधी ठरवलेली गाडीच परवडते, आम्ही दोघंच होतो म्हणून ट्रेननं गेलो अन् बॅगा चढवता उतरवता पहिला दिवस भांडणात गेला.

चाकावर
वापसीचंही बोलून ठेवजा भाऊ. जहाज सकाळी लागते पण सातच्या सात माणसं बॅगांसकट बाहेर यायला दहा-अकरा होतात. दुपारी दोनच्या आधीची फ्लाइट घेऊ नका. अन् जहाजावर फोनला रेंज नसते, ड्रायव्हरचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. मोबाइल बंद पडला तर कागदच कामी येते.

अजनीवाला
(जाऊन आल्यावर)
मंडळी, परवा वापस आलो. कसं झालं ते सांगतो कारण तुमच्याशिवाय झालं नसतं.

गुरुवारी नवी मुंबईला उतरलो, विमान चाळीस मिनिटं लेट. बाराचा टेम्पो ट्रॅव्हलर बुक केला होता, दोन्ही दिवस मिळून सात हजार, टोल-पार्किंग धरून, हजार आधी अन् बाकी उतरल्यावर. वेटिंग विमान टेकल्यापासून, हे मेसेजवर लिहून घेतलं होतं, त्यानं एक शब्द काढला नाही. बाहेर बाबांच्या नावाची पाटी घेऊन उभा होता. बाबांनी त्या पाटीचा फोटो काढला, स्वतःचा नाही, पाटीचाच, अन् रेल्वेच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला. स्टूल होता. प्लास्टिकचा लाल, बाथरूममध्ये असतो तसा, पण होता.

अटल सेतूवर आत्या दहा मिनिटं गप्प बसली. आमच्या घरात हे झालेलं नाही. मग म्हणाली, "अंबाझरी तलावासारखंच आहे, फक्त पलीकडचं दिसत नाही."

शुक्रवारी तोच ड्रायव्हर अकराला हॉटेलवर. आमच्या कागदावर ग्रीन गेट होता. मी ग्रीन गेट, ग्रीन गेट असं चारदा म्हटलं, तो म्हणाला साहेब मला माहीत आहे. तरी एका सिग्नलवर लहान्यानं बोर्ड वाचला अन् ओरडला, "बाबा, ऑरेंज गेट, आपला!" ड्रायव्हरनं सवयीनं ब्रेक मारला. बारा वाजता आम्ही आत रांगेत होतो.

गडबड एकच झाली. आईनं संत्रा बर्फीचे तीन डबे अन् घरच्या लोणच्याची बरणी बॅगेत टाकली होती, कोणाला न सांगता. घरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. बरणी काउंटरवरच्या पोरीनं बाजूला काढून ठेवली तशी आई तिला म्हणाली, "तू खा बाई." बर्फीचं पाकीटबंद होतं, ते सुटलं.

गाडीवाल्याचा नंबर इथं जाहीर टाकत नाही, त्याला विचारलं नाही. कोणाला पाहिजे असेल तर मेसेज करा.

वर्धा_रोड_ताई
मेसेज केला. आम्ही मार्चमध्ये अकरा जण. बाराच्या गाडीत अकरा अन् सामान बसेल का हो चाकावर भाऊ?

चाकावर
नाही बसत ताई. सतराचा घेजा.