मदत हवी आहे : आईबाबांसोबत इंडिपेंडन्स रॉक

जुलैत डेन्व्हरहून गाडीने वायोमिंगला जातोय. ऑरेगन ट्रेलवरचा (एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिमेकडे वस्तीला जाणाऱ्यांची वाट) इंडिपेंडन्स रॉक हा मोठा कातळ बघायचाच आहे. 4 जुलैपर्यंत इथे पोचलं तर पुढचे डोंगर बर्फाआधी पार होतील, असा बैलगाड्यांनी जाणाऱ्यांचा हिशोब असे. त्यांनी कातळावर कोरलेली नावं अजून दिसतात. (आपल्याकडे गडावर नावं कोरणाऱ्यांना शिव्या घालणारे बाबा ही बघायला मात्र एका पायावर तयार!)

आईचे गुडघे दुखतात. वर न चढता, खालूनच फिरून नावं दिसतात का? कॅस्पर शहर सोडल्यावर पेट्रोल, स्वच्छतागृह, सावली काही मिळतं? वाटेत गर्न्झी गावाजवळ वालुकाश्मात त्या गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्याही आहेत. दोन्ही एका दिवसात जमेल, की कॅस्परला मुक्काम करू?